आधी दवाखाना, मग पंच
(पारधी वस्तीवरच्या बैठकीत कार्यकर्त्यांच्या वतीनं केलेलं भाषण)



मागल्या महिन्यात आपल्या एका वस्तीवर बांधावरनं भांडण झालं. एकानं दुसऱ्याच्या कानाचा लचका तोडला. दोघंही आपलेच, दोघांचं गायरान शेजारी-शेजारी. जखमेत हळद-चुना भरला आन पंच बसले. दंड किती, यातच दोन दिवस गेले. तिसऱ्या दिवशी तोंड सुजलं, पू झाला, तेव्हा दवाखाना आठवला.

आम्ही पोरं पंचांचा अपमान करत नाही. जमातीच्या जमाती जन्मानं गुन्हेगार ठरवणारा इंग्रजांचा कायदा १९५२ साली रद्द झाला, पण शिक्का गेला नाही. ठाण्यात जायला माणूस भितो, म्हणून पंचांकडं जातो. हे आम्हाला कळतं. पण पंच भांडण मिटवतील, जखम नाही.

माणसाच्या तोंडात जंतू फार. चावलं की साबणानं, वाहत्या पाण्यानं जखम बराच वेळ धुवा. हळद, चुना, तंबाखू लावू नका. तुकडा तुटला तर ओल्या स्वच्छ फडक्यात गुंडाळून पिशवीत घाला आन पिशवी बर्फात ठेवा. तुकडा उघडा बर्फावर नको. त्याच दिवशी दवाखाना गाठा. धनुर्वाताचं इंजेक्शन घ्या, कागद जपून ठेवा.

चेहरा कायमचा विद्रूप झाला तर कायद्याप्रमाणं ती जबर दुखापत. त्याला सात वर्षांपर्यंत कैद आहे. तडजोड होते, पण जखमीच्या मर्जीनं आन कोर्टाच्या परवानगीनं. पंचांच्या दबावानं नाही.

आता जमिनीचं. २८ नोव्हेंबर १९९१ च्या शासन निर्णयात १४ एप्रिल १९९० पर्यंतची अतिक्रमणं धरली आहेत. कब्जा दाखवायचा तर पंचनामा लागतो, साक्षीदार लागतो. साक्षीदार कोण? बांधाशेजारचाच. ज्याचा कान आपण तोडला, तो तलाठ्यापुढं आपल्या बाजूनं उभा राहील का? आपण एकमेकांना चावतो, आन गायरानावर डोळा ठेवून बसलेले गंमत बघतात.

म्हणून आमचं मागणं एवढंच. जखमी दवाखान्यातनं येईस्तोवर पंचांनी बसू नये. दंडाची दारू होऊ नये, तो पैसा औषधाला जावा. उकळत्या तेलात हात घालायला कुणाला लावू नये. बैठकीत बायांनाही बोलू द्यावं. आन निवाडा झाला की दोघांनी मिळून बांध घालावा.

जिंदाबाद!