जीव वाचला, पण गाडी?



आपल्याकडे कुणाला अपघात झाला की भेटायला येणारा माणूस दारातच एक वाक्य बोलतो : 'जीव वाचला ना, मग झालं. गाडी काय, दुसरी येईल.' हे वाक्य खोटं नाही. २०२२ या एका वर्षात आपल्या देशात रस्त्यावरच्या अपघातांत १,६८,४९१ माणसं गेली, आणि त्यांतली ७४,८९७ दुचाकीवरची होती. केंद्राच्या रस्ते वाहतूक मंत्रालयानंच हे आकडे छापले आहेत. त्याच वर्षीच्या डिसेंबरात मीही मोटारसायकलवरून पडलो आणि त्या आकड्यात माझी भर पडली नाही. तेव्हा आधी शुक्र मानायचा आणि मग बाकीचं बोलायचं, हा क्रम मला मान्य आहे. पण आज मला त्या बाकीच्याबद्दलच बोलायचं आहे. कारण 'दुसरी येईल' हे प्रत्येक गाडीबद्दल म्हणता येत नाही.

माझी गाडी येझदी रोडकिंग, १९९० सालची. चेक बनावटीच्या जावा मोटारसायकली आपल्याकडे बनवण्यासाठी म्हैसूरला १९६१ साली कारखाना सुरू झाला, त्या कारखान्यातली. अडीचशे सीसीचं टू-स्ट्रोक इंजिन, दोन्ही बाजूंना एकेक सायलेन्सर. पेट्रोलमध्ये ऑइल मिसळून भरायचं. किक आणि गिअर एकाच दांडीत. किक मारली, इंजिन लागलं, की तीच दांडी वळवून पुढे घ्यायची आणि तिनंच गिअर टाकायचे. नवख्याला हे उमगेपर्यंत चार लोक जमायचे. १९९६ साली तो कारखाना बंद पडला, आणि मी ही गाडी घेतली १९९८ साली, जुनी. म्हणजे घरात आली तेव्हाच तिचं माहेर तुटलेलं होतं. पुढे २०१८ साली जावा आणि २०२२ साली येझदी ही नावं पुन्हा बाजारात आली, पण त्या गाड्या वेगळ्या, फोर-स्ट्रोक. त्यांचं सामान हिला चालत नाही.

चोवीस वर्षांत ती गाडी हळूहळू माझ्या मापाची झाली. पाठ दुखायला लागली तेव्हा मिस्त्रींनी हँडल थोडं उंच आणि रुंद करून दिलं. सीट कापून, आतला फोम बदलून खाली घेतली. कविसंमेलनांना जाताना वह्या-पुस्तकं भिजू नयेत म्हणून पत्र्याची एक पेटी बनवून बाजूला बसवली. टाकीला मोरपंखी रंग दिला. ट्रकवर अक्षरं काढणाऱ्या एका पेंटरनं त्या टाकीवर एकच शब्द लिहिला : 'सबूर'. हा शब्द माझ्या आईच्या तोंडी 'सब्र' असा असतो आणि शिर्डीला श्रद्धेच्या शेजारी 'सबुरी' होऊन बसतो. आपण मराठीत 'जरा सबूर' म्हणतो तेव्हा तो अरबी आहे हे कुणाच्या ध्यानातही येत नाही. मोटारसायकलच्या टाकीवर याहून चांगला शब्द मला सुचला नसता.

हे सगळं नियमात राहून केलेलं. रंग बदलल्याची नोंद आरटीओच्या पुस्तकात करून घेतली होती. चॅसी, इंजिन आणि सायलेन्सर यांना हात लावला नव्हता. नोंदणीच्या पुस्तकात लिहिलेल्या गाडीपेक्षा रस्त्यावरची गाडी मुळातूनच वेगळी होईल असे बदल मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२ ला चालत नाहीत, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयानंही ते स्पष्ट केलं आहे. तरुण श्रोत्यांनी हे जरूर लक्षात ठेवावं. गाडीवर प्रेम करायला सीट, रंग आणि पेटी एवढी जागा पुष्कळ आहे.

आता अपघात. दिवस उसाच्या हंगामाचे. तासगावहून मिरजेला परतत होतो. दिवेलागणीची वेळ. पुढे गेलेल्या कुठल्यातरी ट्रॉलीतून उसाची मोळी सुटून रस्त्यावर पसरलेली होती. आमच्या भागात राहणाऱ्यांना सांगायला नको, ऊस चाकाखाली आला की लाटण्यासारखा फिरतो. पुढचं चाक सरकलं, मी एका बाजूला पडलो आणि गाडी घसरत जाऊन मोरीच्या कठड्यावर आदळली. मागून येणाऱ्या दूधवाल्यानं मला उचललं, दवाखान्यात पोचवलं. गळ्याखालचं हासळीचं हाड मोडलं होतं. हात गळ्यात बांधून सहा आठवडे घरी.

त्या सहा आठवड्यांत जे शिकलो त्यातलं काही तुम्हाला उपयोगी पडेल म्हणून सांगतो. पहिली गोष्ट हेल्मेटची. माझं हेल्मेट वरून फक्त खरचटलं होतं. मुलगा म्हणाला, 'पप्पा, हे तर चांगलं आहे.' पण हेल्मेटच्या आतलं थर्माकोल डोक्याऐवजी स्वतः दबतं, म्हणून डोकं वाचतं, आणि ते दबतं एकदाच. बाहेरून धड दिसलं तरी आपटलेलं हेल्मेट टाकून द्यायचं. दुसरी गोष्ट झोपेची. डोळा लागला की चाक सरकायचं आणि मी दचकून उठायचो. डॉक्टरांनी सांगितलं की पहिले काही आठवडे असं होणं स्वाभाविक आहे, पण महिना उलटूनही तेच चालू राहिलं, रस्ता टाळावासा वाटू लागला, तर हाडाच्या डॉक्टरइतकीच मनाच्या डॉक्टरची गरज असते. यात लाजण्यासारखं काही नाही. माझी झोप पाचव्या आठवड्यात परत आली.

तिसरी गोष्ट बोलण्याची, आणि तीच अवघड. माझ्या अम्मीनं पहिल्याच दिवशी मूठभर तांदूळ आणि काही पैसे माझ्यावरून उतरवून गरिबाला दिले. म्हणाली, 'जान का सदका माल.' म्हणजे जिवावरचं संकट मालावर गेलं. गाडी तुझ्या जिवाचा सदका झाली. या म्हणीत मोठा दिलासा आहे, आणि मला तो मिळालाही. पण सदक्यात दिलेल्या वस्तूचं दुःख करायचं नसतं. मला तर दुःख होत होतं. गॅरेजमध्ये आडव्या पडलेल्या गाडीचा फोटो मुलानं मोबाइलवर दाखवला आणि माझ्या डोळ्यांत पाणी आलं. टाकी नेमकी 'सबूर'मधल्या 'बू'वर चेपली होती. पन्नाशी ओलांडलेल्या माणसानं लोखंडासाठी रडावं याची मला शरम वाटली, म्हणून कुणाला सांगितलं नाही. घरात पोरगा, बायको, अम्मी सगळे होते, आणि सगळे माझ्या खांद्याची चौकशी करत होते.

पुढे विचार करताना उमगलं की ते दुःख लोखंडाचं नव्हतंच. त्या गाडीत चोवीस वर्षांचे रविवार होते. मिस्त्रींच्या दुकानाबाहेर बाकड्यावर बसून घेतलेले चहा होते. मी पायाला आणि पाय दांडीला इतका सरावलेला होता, की दुसऱ्या कुणाची गाडी चालवताना माझा पाय अजून चुकीच्या जागी जातो. विमा फक्त त्रयस्थ व्यक्तीचा होता, म्हणजे माझ्या गाडीमुळे दुसऱ्याचं नुकसान झालं तर भरपाई देणारा. माझ्या गाडीसाठी त्यातून काही मिळणार नव्हतं. पण पूर्ण विमा असता तरी त्या रविवारांची किंमत कोणत्या रकान्यात लिहिणार?

हात सुटल्यावर गॅरेजमध्ये गेलो. मिस्त्रींनी सगळं उलगडून ठेवलं होतं. पुढचे शॉकअप वाकलेले, ते मिळाले असते. रिमचा आउट काढता आला असता. टाकीची ठोकाठोकी झाली असती. शेवटी त्यांनी बॅटरीचा उजेड चॅसीवर पाडला. हँडल ज्या ठिकाणी चॅसीत बसतं त्या मानेजवळ, जुन्या वेल्डिंगला लागून, केसाएवढी चीर होती आणि मान एका बाजूला कललेली होती. मिस्त्री म्हणाले, 'कवीसाहेब, बाकी सगळं मी करतो. हे करत नाही.' गावात दुसरा एक जण एका दिवसात चॅसीचा बेंड काढून, चीर वेल्डिंगनं भरून द्यायला तयार होता. पैसेही थोडेच सांगत होता. मुलाला घाई झाली होती, कारण माझ्यानंतर ही गाडी तो चालवणार हे घरात ठरलेलं होतं.

त्या दिवसांत मी आमच्या मिरजेतल्या तंबोरे बनवणाऱ्यांच्या गल्लीत एका वडीलधाऱ्या कारागिरांकडे जाऊन बसायचो. शस्त्रांना धार लावणाऱ्या शिकलगारांनी एकोणिसाव्या शतकात इथे सतार-तंबोरे करायला घेतले, आणि २०२४ साली मिरजेच्या सतार-तंबोऱ्याला भौगोलिक मानांकनही मिळालं. मी गेलो तेव्हा त्यांच्यापुढे दुरुस्तीला आलेला एक तंबोरा होता, पंढरपूर भागातल्या भोपळ्याचा, तडकलेला. चाचा लाकडाचा भुसा सरसात कालवून ती तडक भरत होते. मी म्हणालो, 'चाचा, तुम्ही तडकलेलं वाद्य पुन्हा सुरात आणता, मग माझी चॅसी का नाही सांधायची?' त्यांनी हात थांबवला नाही. म्हणाले, 'अरे, माझा सांधा फसला तर फार तर सूर बिघडेल. मैफल थांबेल. तुझ्या सांध्यावर पोरगं बसणार आहे.'

मी घरी आलो आणि नाही म्हणून सांगितलं.

श्रोतेहो, जपणं म्हणजे दुरुस्त करणं असं आपण सहसा धरून चालतो. आपली आजी फाटलेल्या लुगड्याची गोधडी शिवायची, पण ती त्याचं पुन्हा लुगडं करत नव्हती. त्या कापडात अजून काय करण्याचं बळ उरलंय ते ती बघायची. गाडीचंही तसंच आहे. मडगार्ड, टाकी, सीट, शॉकअप ही सगळी ठिगळं लावायची जागा. चॅसीची मान ही नव्हे. चालत्या गाडीचा सगळा झटका, ब्रेक मारला की पुढे येणारं सगळं वजन तिथं येतं. तिथली चीर वरून रंग दिला की दिसत नाही आणि तुटायची ती एकदम तुटते.

कायद्याच्या लेखीही गाडी म्हणजे चॅसीचा नंबर. १५ वर्षं झाल्यावर, म्हणजे २००५ पासून, दर पाच वर्षांनी मी त्या नंबराचं नूतनीकरण करून घेत होतो. आता उलटं काम करायचं होतं. गाडी कायमची निकामी झाली तर १४ दिवसांत किंवा शक्य तितक्या लवकर आरटीओला कळवून नोंदणीचं पुस्तक परत करायचं, असं कलम ५५ सांगतं. पुष्कळ लोक हे करत नाहीत. गाडी भंगारात देतात, आणि तिचा नंबर पुढे भलत्याच गाडीवर फिरू शकतो. मिस्त्रींनी चॅसीवरचा नंबराचा तुकडा कापून दिला, तो मी कागदांबरोबर जमा केला. खिडकीमागच्या बाईंनी अर्ज पाहिला आणि सहज विचारलं, 'कोणती गाडी होती?' मी सांगितलं. त्या म्हणाल्या, 'आमच्या वडिलांची होती.' अपघातानंतर माझ्या गाडीबद्दल, नुसत्या गाडीबद्दल, मला कुणी विचारलं होतं ते हे पहिलं. काउंटरवर मागं रांग होती, तरी आम्ही दोन मिनिटं बोललो. बाहेर आलो तेव्हा पुष्कळ हलकं वाटलं.

मग राहिलेल्या सामानाचं ठरलं. कारखाना बंद झालेल्या गाडीचा प्रत्येक सुटा भाग कुणाला तरी हवा असतो. कार्बोरेटर एका शिक्षकांकडे गेला, मागचं चाक तासगावला, सायलेन्सरची जोडी कोल्हापूरला. इंजिन एका शेतकऱ्यानं नेलं. इंजिनालाही नंबर असतो, म्हणून त्याच्या पुस्तकात ते रीतसर चढवून घेतलं. टाकी मी ठेवणार होतो. पण कॉलेजात जाणाऱ्या एका मुलाच्या येझदीची टाकी गंजून गळत होती. मी म्हणालो, चेप काढून तुझा रंग दे. त्यानं चेप काढला, रंग बदलला, आणि तो शब्द पुन्हा तसाच लिहून घेतला. मी सांगितलं नव्हतं. माझ्याकडे फक्त ती किकची दांडी राहिली.

तुम्ही विचाराल, पुन्हा गाडी चालवता का? चालवतो. आधी सकाळी, रिकाम्या रस्त्यावर, बायकोच्या स्कूटरवर, घरापासून मंडईपर्यंत. मग स्टेशनपर्यंत. तासगाव रस्त्यावर जायला आठ महिने लागले. हंगामात दिवेलागणीनंतर अजूनही त्या रस्त्यानं जात नाही, एसटीनं जातो. भीती पूर्ण गेली पाहिजे असा माझा हट्ट नाही. थोडी भीती हेल्मेटसारखी असते, ती डोक्यावर असलेली बरी. मुलासाठी त्याच्या पगारातून साधी नवी गाडी घेतली. तिचं हँडल थोडं उंच करायचं त्याच्या मनात आहे. मी मिस्त्रींचा पत्ता दिला आहे.

तुमच्या ओळखीत कुणाला अपघात झाला, देव करो आणि न होवो, तर भेटायला जाल तेव्हा आधी जिवाचीच चौकशी करा. हाड जुळलं का, झोप लागते का, ते विचारा. मग थोडं थांबा, आणि 'दुसरी येईल' म्हणायच्या ऐवजी विचारा, गाडी कोणती होती. तो माणूस सांगू लागला की मध्ये बोलू नका. सगळं ऐकून घ्या. जरा सबूर.

नमस्कार.