फायद्याचा गाजावाजा, तोट्याचे मौन

तीस वर्षे मी बँकेच्या काउंटरवर लोकांचे पैसे मोजले. पैशाच्या बाबतीत आपण फसणार नाही, असा माझा समज होता. निवृत्तीनंतर तो कसा उतरला, तेवढेच आज सांगणार आहे.

सकाळी फिरायला येणाऱ्या एका मित्राने मला मोबाइलवरच्या एका ग्रुपमध्ये घेतले. सव्वानऊला बाजार उघडला की तिथे टिप यायची : अमुक शेअर घ्या, दुपारपर्यंत विका. चार दिवस मी नुसता पाहत राहिलो. चारपैकी तीन टिपा खऱ्या ठरल्या. पाचव्या दिवशी मीही उतरलो. दीड महिन्यात पासष्ट हजार रुपये गेले. घरात हिला सांगायला आणखी पंधरा दिवस लागले.

मग जुन्या सवयीने वही काढली. माझे व्यवहार एका बाजूला, ग्रुपमधल्या टिपा दुसऱ्या बाजूला. ताळा काही जुळेना. ज्या टिपांवर मी पैसे घालवले होते, त्यातल्या बऱ्याच ग्रुपमधून पुसून टाकलेल्या! खऱ्या ठरलेल्या तेवढ्या जागेवर, खाली अभिनंदनाची रांग. नव्याने येणाऱ्याला दिसतो तो फक्त फायदा. माझ्याही डोळ्यांवर पहिले चार दिवस हीच पट्टी होती.

सेबीने जुलै २०२४ मध्ये प्रसिद्ध केलेली पाहणी मी नंतर वाचली. २०२२-२३ मध्ये शेअर त्याच दिवशी घेऊन विकणाऱ्या, म्हणजे इंट्राडे करणाऱ्या दर दहा जणांपैकी सात जण तोट्यात होते. वर्षाला पाचशेहून अधिक व्यवहार करणाऱ्यांत हे प्रमाण दहात आठ. म्हणजे धावपळ वाढली तसे नुकसान झालेलेही वाढले. दलाली आणि कर मात्र फायदा होवो की तोटा, द्यावेच लागतात.

टिप देणाऱ्याचा हेतूही तपासायला हवा. मार्च २०२३ मध्ये सेबीने साधना ब्रॉडकास्ट या कंपनीच्या शेअरबाबत आदेश काढला. यूट्यूबवरच्या दिशाभूल करणाऱ्या व्हिडिओंमुळे लहान गुंतवणूकदार धावले, भाव चढला आणि आधीपासून शेअर बाळगून असलेल्यांनी ते चढ्या भावात विकले, असे त्यात म्हटले होते. आपली खरेदी हाच दुसऱ्याचा फायदा असू शकतो.

म्हणून टिप आली की विचारा : सांगणाऱ्याची सेबीकडे नोंदणी आहे का? सेबीच्या संकेतस्थळावर ते पाहता येते. नोंदणी असली म्हणजे फायद्याची हमी मिळाली असे नाही; पण हमी देणारा भेटला, तर तिथूनच परत फिरा. चुकलेल्या टिपांचा हिशेब तो दाखवतो का? आणि आपण शेअर घेतल्याने त्याला काय मिळते?

शेवटी मी माझा पासष्ट हजारांचा तोटा आकड्यानिशी ग्रुपवर लिहिला. त्या रात्री चौघांचे फोन आले. त्यांचेही पैसे गेले होते. प्रत्येकाला वाटत होते, बुडालो तो मी एकटाच. दुसऱ्या दिवशी सकाळी मला ग्रुपमधून काढून टाकले होते. आम्ही पाच जण मात्र अजून एकमेकांना फोन करतो. शेअरचा विषय निघत नाही.

तुमचेही गेले असतील, तर लाजू नका, घरात सांगा.