मोठ्या पोर्टचा मोह



मिस्त्रींच्या परिषदेत अध्यक्षानं धंद्यापुढच्या अडचणींवर बोलावं असा रिवाज आहे. इलेक्ट्रिक गाड्या, जीएसटी, मशीनवर टिकत नसलेली पोरं हे सगळं दुपारच्या सत्रात आहे आणि तिथं बोलणारे माझ्याहून जाणते आहेत. मी एकाच वस्तूवर बोलणार आहे, सिलिंडर हेडवर. तेही टर्बो, ब्लोअर किंवा नायट्रस यांतलं काहीच नसलेल्या, नुसत्या वातावरणाच्या दाबावर चालणाऱ्या ड्रॅग रेसिंगच्या इंजिनाचं हेड. ते निवडायचं कसं?

विषय अमेरिकेतला आहे आणि तो मी तिथलाच ठेवणार आहे. आपल्याकडे आंबी व्हॅलीच्या धावपट्टीवर ‘व्हॅली रन’ शर्यती झाल्या, होंडा सिटी व्हीटेकची हेडं उघडणारी दुकानं पुण्या-मुंबईत आहेत, पण या विद्येचा खरा आखाडा तिकडेच. शिवाय हेडचा कस जेवढा या शर्यतीत लागतो तेवढा कुठंच लागत नाही. समुद्रसपाटीला हवेचा दाब चौरस इंचाला १४.७ पौंड. सिलिंडर भरायला एवढाच दाब फुकटात मिळतो. टर्बो असेल तर वाकड्यातिकड्या पोर्टमधूनही, म्हणजे हेडमधल्या हवेच्या वाटेतूनही, हवा रेटून घालता येते, हेडची खोट झाकली जाते. इथं ती सोय नाही. हेडची प्रत्येक चूक पाव मैलाच्या धावेनंतर टाइम स्लिपवर छापून हातात येते.

आधी एक जुनी हकीकत सांगतो. एनएचआरए या अमेरिकन संस्थेनं १९७० साली प्रो स्टॉक हा वर्ग सुरू केला. पहिली स्पर्धा बिल जेन्किन्स यांनी जिंकली. त्यांना सगळे ‘ग्रम्पी’ म्हणत, म्हणजे कायम कुरकुरणारा माणूस. कॉर्नेलला मेकॅनिकल इंजिनिअरिंग शिकलेले. त्यानंतर मैदान मारलं ते क्रायस्लरच्या ४२६ घनइंची हेमीनं. अर्धगोल चेंबर, समोरासमोर झुकलेले भलेमोठे व्हॉल्व्ह, पोर्टमध्ये हात जाईल अशी भीती वाटावी इतकं रुंद तोंड. १९७२ साली वजनाचे नियम बदलले आणि लहान इंजिनाला हलकी गाडी चालवायची मुभा मिळाली. जेन्किन्स यांनी शेव्हरोलेची छोटी व्हेगा गाडी घेतली आणि तिच्यात अवघ्या ३३१ घनइंचांचं स्मॉल-ब्लॉक बसवलं. त्याच्या हेडचे व्हॉल्व्ह एका ओळीत, २३ अंशांत कललेले, पोर्ट हेमीच्या मानानं किरकोळ. त्या हंगामातल्या आठ राष्ट्रीय स्पर्धांपैकी सहा जेन्किन्स यांनी जिंकल्या.

आता यात वजनाच्या नियमाचा वाटा मोठा होता, तो नाकारून चालणार नाही. पण हेमीचं हेड हवेच्या बाबतीत सरस होतं, याबद्दल कोणाचंच दुमत नव्हतं. तरी ते हरलं. माझं आजचं सगळं म्हणणं या एका निकालात आहे. हेड जास्तीत जास्त किती हवा जाऊ देतं हा प्रश्न दुसरा. पहिला प्रश्न असा, की हे इंजिन कुठल्या आरपीएमच्या पट्ट्यात जगणार आहे?

हा प्रश्न आपण विचारत नाही. गिऱ्हाईक येतं आणि विचारतं, “मिस्त्री, सीएफएम किती?” आणि आपणही आकडा सांगतो. हेड विकणारेही तेच करतात. म्हणून आधी त्या आकड्याची झाडाझडती घेऊ.

फ्लो बेंचवर हेड ठेवतात, व्हॉल्व्ह ठरावीक उघडतात आणि ठरावीक दाबफरकावर मिनिटाला किती घनफूट हवा ओढली गेली ते मोजतात, तोच सीएफएम. दाबफरक पाण्याच्या इंचांत. आज अमेरिकेत रूढ माप आहे २८ इंच. पण १० इंचांवर मोजणारे बेंचही आहेत, आणि दोन्हींच्या आकड्यांत १.६७ पटींचा फरक पडतो. म्हणजे १० इंचांवर १५० दाखवणारं हेड २८ इंचांवर २५० दाखवतं, त्यावर ग्राइंडरचा एक खरडाही न काढता! पोर्टच्या तोंडाला मातीची गोल कड लावली होती का, हेडखालचा बोअर चार इंची होता की सव्वाचार, एक्झॉस्टला पाइपचा तुकडा जोडला होता का, यानंही आकडा हलतो. परदेशातल्या एका विक्रेत्यानं मला हेड विकताना यातलं काहीही लिहून द्यायला नकार दिला. आकडा मात्र ठळक अक्षरांत छापलेला. असा आकडा फक्त पाकिटावर शोभतो.

समजा आकडा खरा आहे. व्ही-८ ला एका सीएफएममागे दोन हॉर्सपॉवर असा तिकडचा ढोबळ हिशोब आहे. २५० सीएफएमचं हेड, तर ५०० च्या आसपास. हिशोब बरोबर आहे, पण ती वरची मर्यादा झाली. बाकी सगळं जुळलं तर तिथवर पोहोचता येतं, एवढाच त्याचा अर्थ. शिवाय तो आकडा व्हॉल्व्ह सर्वांत जास्त उघडल्यावरचा. व्हॉल्व्ह त्या उंचीवर एका फेरीत एकदाच जातो, मधल्या उंचीवरून मात्र दोनदा, जाताना आणि येताना. २.०२ इंची व्हॉल्व्ह साधारण अर्धा इंच उचलला की त्याच्या कडेभोवतीची मोकळी जागा व्हॉल्व्हच्या तोंडाएवढी होते. तोवर सगळी मक्तेदारी सीटची आणि बाउलची. दोनशे-तीनशे थाऊ (इंचाचा हजारावा भाग म्हणजे एक थाऊ) उंचीवर पंधरा सीएफएम जास्त देणारं हेड मी सहाशे थाऊवर पंधरा जास्त देणाऱ्या हेडच्या आधी उचलीन. तीन कोनांची सीट, ३०-४५-६०, नीट कापायला आपल्याला कोणी शिकवायची गरज नाही. रॉकेल ओतून गळती बघणारी आपली जुनी माणसं या बाबतीत कुणालाही हार जाणार नाहीत.

आता पोर्ट. मोठा पोर्ट वाईट का, हे शेतकऱ्याच्या घरातल्या कुणालाही सांगावं लागणार नाही. पाट प्रमाणाबाहेर रुंद केला की पाणी रेंगाळतं आणि गाळ तळाला बसतो. पोर्टमध्ये गाळाच्या जागी पेट्रोलचे थेंब असतात. हवा रेंगाळली की ते भिंतीला चिकटतात, आणि सिलिंडरला कधी कोरडी हवा तर कधी कच्चं पेट्रोल मिळतं. पण याहून मोठं नुकसान दुसरंच आहे. पिस्टन खाली पोहोचून परत वर निघाला तरी शर्यतीच्या कॅममध्ये इनटेक व्हॉल्व्ह बराच वेळ उघडा असतो. त्या वेळात सिलिंडर भरतो तो निव्वळ धावत्या हवेच्या जोरावर. वेग असेल तर हवा वर येणाऱ्या पिस्टनला न जुमानता आत घुसते आणि चांगलं नॅचरली ॲस्पिरेटेड इंजिन आपल्या घनफळाहून जास्त हवा गिळतं, शंभर टक्क्यांच्या वर. वेग नसेल तर भरलेलं माघारी मॅनिफोल्डमध्ये ढकललं जातं.

हिशोब करून दाखवतो. चार इंची बोअर, तीस थाऊ ओव्हरसाइज, स्ट्रोक ३.४८ इंच. हे झालं ३५५ घनइंचांचं शेव्हरोले, अमेरिकेत गल्लोगल्ली मिळणारं. ७,००० आरपीएमला पोर्टच्या सगळ्यांत अरुंद जागी हवेचा वेग सेकंदाला ६१० फुटांच्या आसपास ठेवायचा असेल, म्हणजे आवाजाच्या निम्म्याहून थोडा जास्त, तर ती जागा सुमारे सव्वादोन चौरस इंच लागते. त्याहून अरुंद केली तर हवा कोंडते. आता त्यावर कुणी २.९ चौरस इंची हेड बसवलं तर? पोर्ट कोंडायला ८,९०० आरपीएम लागतील. त्या इंजिनाचा क्रँक आणि व्हॉल्व्ह स्प्रिंग तिथवर पोहोचणारच नाहीत. आणि ७,००० ला वेग उतरेल ४८० फुटांवर. म्हणजे जिथं इंजिन कधी जाणार नाही तिथली हवा विकत घेतली आणि जिथं ते रोज पळणार आहे तिथली घालवली.

गिअरबॉक्स विचारल्याशिवाय हेड देऊ नका असं मी म्हणतो ते याचसाठी. तिकडे हौशी ब्रॅकेट रेसिंगमध्ये दोन गिअरचा पॉवरग्लाइड सर्रास असतो. पहिला गिअर १.७६. साडेसात हजारांवर गिअर बदलला तर नुसत्या गुणोत्तरानं आरपीएम सव्वाचार हजारांच्या आसपास आपटतो. सैल टॉर्क कन्व्हर्टर त्याला वर धरून ठेवतो, पण खड्डा पडतोच. या गाडीला लहान पोर्टचं हेड हवं. तेच इंजिन पाच गिअरच्या डब्यावर असेल तर आरपीएम फारसा पडत नाही, तिथं पोर्ट वाढवता येतो. गाडी जड असेल तर पुन्हा एक पायरी खाली. हेड तेच, मिस्त्री तोच, निकाल वेगळा.

प्रो स्टॉकमध्ये याचा दाखला सगळ्या जगानं पाहिला. १९८२ पासून तिथं ५०० घनइंचांची मर्यादा, म्हणजे आठ लिटरच्या थोडं वर. कॉम्प्रेशन १५ च्या पुढं, व्हॉल्व्हची उचल इंचाहून जास्त. १९९७ मध्ये वॉरन जॉन्सन यांनी याच वर्गात पहिल्यांदा ताशी २०० मैलांची वेस ओलांडली. दोन मोठे कार्ब्युरेटर, उंच टनेल रॅम मॅनिफोल्ड, अशी ती मांडणी वर्षानुवर्षं घोटलेली. २०१६ साली नियम आला: फ्युएल इंजेक्शन सक्तीचं, बॉनेटवरचा स्कूप बंद, आणि १०,५०० आरपीएमला कुलूप. त्याआधी त्याच्या वर फिरवून ताकद काढणाऱ्यांना मॅनिफोल्डपासून पोर्टपर्यंत सगळं नव्यानं मांडावं लागलं. हवा तीच, घनइंच तेच. फक्त वरचे काहीशे आरपीएम काढून घेतले, एवढ्यानं कोट्यवधींची हेडं जुनी झाली.

या वर्गातला मला सगळ्यात जवळचा माणूस म्हणजे ली शेपर्ड. टेक्सासमधल्या आर्लिंग्टनच्या रेहर-मॉरिसन संघाचा ड्रायव्हर, १९८१ ते १९८४ अशी सलग चार वर्षं विजेता, १९८५ मध्ये चाचणीच्या वेळी अपघातात गेला. हेडच्या पोर्टचं काम तो स्वतः करायचा. आठवडाभर हातात ग्राइंडर, रविवारी हातात स्टिअरिंग. स्वतः कोरलेला पोर्ट गिअर बदलल्यावर कसा वागतो, हे पाठीला कळणारा पोर्टर दुसरा कुठं मिळणार?

ग्राइंडर धरणाऱ्यांसाठी एक बारीक गोष्ट. पोर्टचं छत नव्हे, फरशी बघा. हवा पोर्टमधून येऊन सीटकडे वळते तिथं आतल्या बाजूची छोटी वळणकड असते, शॉर्ट साइड. ती धारदार राहिली की जास्त उचलीवर हवा तिथून सुटते. बेंचवर हे डोळ्यांआधी कानाला कळतं. चारशे, पाचशे थाऊपर्यंत आवाज एकसारखा घुमत असतो आणि मग एकदम फाटतो, तडतडायला लागतो. मॅनोमीटरमधलं पाणी थरथरतं, आकडा वाढायचा थांबतो, कधी खालीही येतो. तारेला बांधलेला सुती दोरा त्या कडेला नेला तर उलटा फिरतो. तिथल्या बोटभर जागेत काढलेले दहा थाऊ उरलेल्या सगळ्या पोर्टच्या चकाकीहून जास्त देतात. आरशासारखा चमकवलेला इनटेक पोर्ट गिऱ्हाइकाला दाखवायला ठीक. इंजिनाला त्याचं सोयरसुतक नसतं.

चेंबरचं थोडक्यात. वरच्याच ३५५ चा एक सिलिंडर ७२७ सीसीचा. गॅस्केट आणि पिस्टनचे खाचे मिळून १४ सीसी धरा. ७६ सीसी चेंबरला कॉम्प्रेशन ९.१, ६४ सीसीला १०.३. तेरा हवं असेल तर चेंबर ४७ च्या आत. काही जण ६४ चं हेड फेसिंगला पाठवतात. एक सीसी कमी करायला साधारण सहा थाऊ काढावे लागतात, सतरा सीसी म्हणजे शंभर थाऊ. डेक कागदासारखा होतो आणि इनटेक मॅनिफोल्डचे बोल्ट जुळत नाहीत. मग पिस्टनवर उंच घुमट चढवायचा मार्ग उरतो, आणि तो घुमट ज्योतीच्या वाटेत आडवा बसतो. चेंबर मुळातच लहान असलेलं हेड घ्यावं, पिस्टन सपाट ठेवावा आणि क्वेंच, म्हणजे पिस्टन आणि हेडमधली फट, चाळीस थाऊच्या जवळ आणावा. पैसे जास्त जातात, पण एकदाच.

आपण कोल्हापुरात बसलो आहोत म्हणून फौंड्रीवाल्यांना एक शब्द. हेडची किंमत ग्राइंडरच्या आधी वाळूत ठरते. कोअर, म्हणजे पोर्टची पोकळी घडवणारा वाळूचा गाभा, जरा सरकला की एका पोर्टची भिंत जाड, शेजारच्याची पातळ. पोर्टर त्याच मापानं कोरत जातो आणि सातव्या पोर्टला वॉटर जॅकेट फुटतं. इथल्या फौंड्रींमधून ब्लॉक आणि हेडं देशभर जातात. कोअर जागेवर ठेवायची ही शिस्त इथं आहे, ती शर्यतीच्या हेडला लावायची कुणी मागणीच केलेली नाही.

म्हणून अध्यक्ष या नात्यानं दोन मागण्या मांडतो. एक, या परिषदेच्या सभासदांनी हेडच्या बिलावर सीएफएम लिहिताना दाबफरक, बोअर, दर शंभर थाऊ उचलीचे आकडे आणि पोर्टची सर्वांत अरुंद जागा लिहावी. ते लिहायचं नसेल तर सीएफएमही लिहू नये. दोन, इथल्या उद्यमनगरात एक सामाईक फ्लो बेंच उभा करावा. ब्लोअर मोटारी, ओरिफिस प्लेट, काचेच्या नळ्यांचा मॅनोमीटर, यातलं काहीच आपल्याला बाहेरून आणावं लागत नाही. दुकानांनी वार वाटून घ्यावेत आणि प्रत्येक हेडची नोंद एकाच वहीत, सर्वांना पाहता येईल अशी ठेवावी. दुपारच्या सत्रात हे ठराव म्हणून येतील. ज्यांना विरोध करायचा आहे त्यांनी जरूर करावा, पण सोबत एखादं मोजलेलं हेड घेऊन यावं.