शाळेचा कारभार कुणाच्या हाती?

गावच्या जिल्हा परिषद शाळेचं छत गळायला लागलं की पालक आधी मुख्याध्यापकांना गाठतात. त्यांच्या हातात असतं काय? समग्र शिक्षा योजनेचं वार्षिक संयुक्त अनुदान. तेही पटावर ठरतं: पट ३० पर्यंत असेल तर १० हजार, शंभरपर्यंत असेल तर २५ हजार. खडूपासून लाइट बिलापर्यंत सगळं त्यातच भागवायचं. छत कुठून दुरुस्त होणार?

मोठा खर्च पगाराचा, तो राज्य सरकार उचलतं. १९६२ साली जिल्हा परिषदा स्थापन झाल्या आणि प्राथमिक शाळा त्यांच्याकडे आल्या. कागदोपत्री शिक्षक जिल्हा परिषदेचे. पण भरती राज्याच्या पवित्र पोर्टलवरून, बदल्या ऑनलाइन, पुस्तकं बालभारतीची. शाळेत शिक्षक किती, हे संच मान्यतेत ठरतं आणि तिचाही आधार पटच. शिक्षण हक्क कायद्याप्रमाणे पहिली ते पाचवीच्या शाळेत ६० मुलांपर्यंत दोन शिक्षक. हिशेब बरोबर वाटतो, पण चौथीपर्यंतच्या द्विशिक्षकी शाळेत जाऊन बघा. एक गुरुजी केंद्रप्रमुखांच्या मीटिंगला गेले की दुसऱ्या बाईंपुढे चार इयत्ता. चौथीला फळ्यावर भागाकार घालून द्यायचा, पहिलीच्या पोरांना अक्षरं गिरवायला बसवायचं आणि मध्येच पोषण आहाराची नोंद करायची. शिक्षकांना अशैक्षणिक कामं देऊ नयेत असं हाच कायदा म्हणतो. मात्र जनगणना, आपत्ती आणि निवडणूक यांना सूट देतो. आपल्याकडे निवडणुकांना काय तोटा!

गावाच्या हातात अधिकार नाहीत, असं मात्र नाही. शाळा व्यवस्थापन समितीत ७५ टक्के पालक असावे लागतात आणि निम्म्या महिला. शाळेचा विकास आराखडा हीच समिती करते, अनुदानाच्या खर्चावर लक्षही तिनेच ठेवायचं. प्रत्यक्षात अनेक गावांत बैठक होते ती रजिस्टरवर. वही घरोघर फिरते, सह्या होतात. माझ्या मते सगळ्यात मोठी हेळसांड इथेच आहे, आणि तिचं खापर मुंबईच्या माथी फोडता येणार नाही. आराखड्यात वर्गखोलीची, स्वच्छतागृहाची मागणीच लिहिलेली नसेल, तर गटशिक्षणाधिकाऱ्यांपुढे काय ठेवणार?

तुमचं मूल या शाळेत असेल तर समितीच्या पुढच्या बैठकीला जरूर जा. खर्चाचा हिशेब मागा, आणि इतिवृत्त वाचल्याशिवाय सही करू नका.