घर्षणाच्या भरवशावर



मी आयुष्यभर रेल्वेचं इंजिन चालवलं. संयोजक म्हणाले, "अनुभव सांगा." किस्से जेवताना सांगेनच. इथे विज्ञानाच्या पुस्तकातला एकच धडा सांगतो. माझी सगळी नोकरी त्याच्याच भरवशावर झाली: बल, गती आणि घर्षण.

परीक्षेत आपण लिहायचो, "घर्षण गतीला विरोध करते." हे अर्धंच उत्तर आहे. इंजिनाचं चाक रुळाला मागे ढकलतं, म्हणून रूळ इंजिनाला पुढे ढकलतो. हा न्यूटनचा तिसरा नियम, आणि ही ढकलाढकल घडते घर्षणामुळेच. रूळ तेलकट असला तर इंजिनात कितीही ताकद असो, चाक जागच्या जागी गरगरतं.

आता बोरघाटाचा हिशोब करू. कर्जतहून लोणावळ्याकडे जाताना चढ 37 ला 1 आहे. म्हणजे 37 मीटर पुढे गेलं की 1 मीटर वर. इंजिनासकट हजार टनांची गाडी सपाटीवर चालती ठेवायला दोन-तीन टन वजनाएवढं बल पुरतं. घाटात मात्र तिचं स्वतःचंच वजन तिला 1000 भागिले 37, म्हणजे सुमारे 27 टनांएवढ्या बलाने मागे ओढतं. मिळून झाले तीस. इंजिन साधारण 120 टनांचं. कोरड्या रुळावर घर्षण गुणांक 0.25 धरला तर पकड 30 टनांची. जेमतेम! पावसात गुणांक 0.15 झाला की उरली 18. म्हणून कर्जतला मागून बँकर इंजिनं जोडतात आणि चाकांपुढे वाळू सोडण्याची सोय असते. घाटात नुसती ताकद नाही, पकडही कमी पडते.

उतरताना परीक्षा आणखी कठीण. मागे हजारभर माणसं झोपलेली असतात. ब्रेक एकदम लावला आणि चाक जाम होऊन घसरू लागलं, तर पकड आणखी घटते, कारण गतिक घर्षण हे स्थितिक घर्षणाच्या कमाल मर्यादेपेक्षा कमी असतं. म्हणून ब्रेक आधीपासून आणि बेताने. घर्षण किती मिळणार हे पाऊस ठरवतो. वेग किती ठेवायचा, तेवढंच चालकाच्या हातात.

मुलांनो, उद्या तुम्ही दुचाकी घ्याल. ताशी 60 च्या वेगाने जाताना कोरड्या डांबरी रस्त्यावर ब्रेक लागल्यापासून थांबायला सुमारे 20 मीटर लागतात, ओल्या रस्त्यावर 35 च्या आसपास. ब्रेक दाबायचं सुचेपर्यंत एक सेकंद गेला, तर आणखी 17 मीटर गेलेले असतात. आणि वेग दुप्पट केला की ब्रेकचं अंतर दुप्पट होत नाही, चौपट होतं. रस्ता कुणाचं वय पाहून सवलत देत नाही.

मित्रांनो, आपल्या मेळाव्याच्या निधीतून एक छोटी गोष्ट करू या. प्रयोगशाळेला काही लाकडी फळ्या, ठोकळे आणि स्प्रिंग काटे देऊ. प्रत्येक मुलाने ठोकळा आधी कोरड्या फळीवर ओढावा, मग तेल लावलेल्या फळीवर, आणि काट्यावरचे दोन्ही आकडे स्वतः वहीत लिहावेत. गाडीची किल्ली हातात येण्याआधी ते आकडे त्यांच्या वहीत असावेत, एवढीच माझी विनंती.