गणपतीपुळ्याची आगरे

कॉफीचे मळे पाहावयाचे तर महाराष्ट्रात चिखलदऱ्याचा डोंगर गाठावा लागतो. परंतु उंच वृक्षांच्या छायेत नाजूक पीक वाढविण्याची तीच विद्या गणपतीपुळ्याच्या परिसरात पायी हिंडणाऱ्यास नारळी-पोफळीच्या आगरांत पाहावयास मिळते. सकाळी गणपतीच्या डोंगराची प्रदक्षिणा आटोपून कवी केशवसुतांच्या मालगुंडाकडे निघावे. वाटेत जांभ्याचा कातळ लागतो. महसुली दप्तरात 'वरकस' म्हणून उपेक्षिलेल्या अशा जमिनीत सुरुंगाने खड्डे पाडून, त्यांत बाहेरची माती भरून ज्यांनी हापूसची कलमे जगविली, त्या कोकणी बागाईतदारांच्या चिकाटीपुढे मस्तक नम्र होते.

खाली उतरल्यावर आगराची शीतल सावली मिळते. पोफळीवर मिरवेल चढलेला असतो आणि जायफळाचे पक्व फळ दुभंगून आतील रक्तवर्ण जायपत्री दिसते. या वृक्षाचे नर व मादी भिन्न असून फळ केवळ मादीस धरते, म्हणूनच जाणते बागाईतदार मादी झाडाचे कलम बांधतात. नारळाच्या बागेत जायफळ, दालचिनी व मिरी घेण्याची 'लाखीबाग' पद्धती रत्नागिरीजवळच्या भाट्ये येथील नारळ संशोधन केंद्राने प्रचारात आणली.

आगर ही कुणाची तरी उपजीविका आहे. तेव्हा मालकाची अनुज्ञा घेऊनच आत जावे आणि गळलेले फळही उचलू नये, ही विनंती.