पुरचुंडीतली पूड



 नीरेच्या काठावरच्या शिरवळमध्ये जुन्या वाटेवरची दगडी पाणपोई आजही उभी आहे. आल्यागेल्याला आधी पाणी द्यायचं, मग कुठून आलात ते विचारायचं, ही इथली रीत. ती पाणपोई पाहिल्याशिवाय कुणी जाऊ नका.

कीटकनाशकांनी बाधलेल्या मातीवरच्या या परिषदेसाठी शिरवळच का, असं काहींनी विचारलं. माझ्यासाठी हा विषय गोठ्यातून सुरू होतो. आजोबा धोतराच्या जुन्या फडक्यात बीएचसी या कीटकनाशकाची पूड बांधायचे आणि ती पुरचुंडी बैलाच्या पाठीवर, पोळीखाली, शेपटीच्या बुडाशी हलक्या हाताने आपटायचे. गोचीड गळून पडायचे. तो कुबट वास दोन दिवस गोठ्यातून हलत नसे. उरलेली पूड उसाच्या सरीत, हुमणीसाठी. जनावरावर जीव टाकणारा माणूस. त्यांना कुणी काही सांगितलंच नव्हतं.

1 एप्रिल 1997 पासून बीएचसीवर देशात बंदी आली. दुकानातली पोती गेली, सरीत पडलेलं तिथेच राहिलं. त्या पुडीत कीड मारणारा गॅमा घटक जेमतेम 15 टक्के. बाकीचे घटक विनाकारण रानात आले, आणि त्यातला बीटा सर्वांत चिवट. पाण्यात तो फारसा विरघळत नाही, चरबीत मात्र मुरतो. मातीतून वैरणीत, वैरणीतून म्हशीच्या अंगात, आणि तिथून दुधावरच्या सायीत. आमच्या गावात क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आहे. मातीची माणसं आणि जनावरांची माणसं एकत्र बसवायला याहून योग्य गाव मला तरी सुचलं नाही.

आता अशा मातीवरच्या उपचाराबद्दल. लोखंडाच्या बारीक चुऱ्याने या विषाच्या रेणूंमधला क्लोरीन काढून घेता येतो. हायड्रोजन पेरॉक्साइड आणि लोह एकत्र वापरणारी फेंटनची प्रक्रिया त्यांचे तुकडे करते. पण तिला सामू 3 च्या आसपास लागतो, आणि कृष्णाकाठच्या काळ्या चुनखडीच्या रानाचा सामू 8 च्या घरात. आम्ल ओतून तो खाली आणला, तर विषाबरोबर गांडूळही मरेल. डीडीटी या दुसऱ्या जुन्या कीटकनाशकाचंही तसंच: अल्कलीने ते तोडलं तर डीडीई उरतं. तेही वर्षानुवर्षं हटत नाही.

म्हणून शेतकरी या नात्याने स्पष्ट बोलतो. जुन्या गोदामाजवळ साठा सांडला असेल, तिथली माती उचला आणि तिच्यावर जालीम रसायन वापरा. पिकत्या रानात ते आणू नका. तिथे विष धरून ठेवणारा बायोचार जरूर वापरून पाहा. पण त्याने विष बांधलं जातं, संपत नाही, हेही त्या शेतकऱ्याला त्याच्या भाषेत सांगा.

सभागृहाच्या मागच्या टेबलावर मातीच्या कापडी पिशव्या मांडल्या आहेत. प्रत्येकीवर गट नंबर आहे, आणि त्या रानात पूर्वी काय टाकलं जायचं, तेही आठवेल तसं लिहिलेलं आहे. माती आणणारी मंडळी इथेच बसली आहेत. शास्त्रज्ञ मित्रांनो, जेवायला उठण्याआधी एक तरी पिशवी उघडा आणि ती ज्याची आहे त्याच्याशी बोला.